काटाघरातलं बंद कपाट

"कॉम्प्युटरला कळतं का हो, खुर्चीत कोण बसलंय ते?"

मॅनेजर साहेबांनी मला हे विचारलं तेव्हा काट्यावर एक भरलेला डंपर उभा होता, त्याच्या मागे पार बंदराच्या वळणापर्यंत रांग होती आणि हॉर्न वाजवून ड्रायव्हर लोकांनी कान किटवले होते. मी म्हटलं, नाही कळत. त्यावर ते म्हणाले, "मग तो फक्त सुलभाच्याच शिफ्टला कसा झोपतो?"

सुलभा म्हणजे तिथली काटा ऑपरेटर. ती तिथेच खुर्चीत बसली होती. तिने मान वर केली नाही. ती नसल्यासारखं आमचं बोलणं चाललं होतं, याचा मला रागच आला. पण पहिल्या पाच मिनिटांत गिऱ्हाइकाशी भांडायचं नाही, एवढं शहाणपण या वयात आलंय.

जागा धरमतरच्या खाडीकाठची. बार्जमधून, म्हणजे सपाट मालवाहू बोटींतून, कोळसा उतरतो, डंपर भरतात आणि बाहेर पडण्याआधी प्रत्येक डंपर वजनकाट्यावर येतो. काटा म्हणजे जमिनीच्या पातळीवर बसवलेला मोठा लोखंडी पाट. गाडी त्यावर उभी राहिली की वजनाचा आकडा काटाघरातल्या स्क्रीनवर उमटतो. पूर्वी ऑपरेटर गाडीचा नंबर स्वतः टाइप करायचा. आता कॅमेरा फोटो काढतो आणि फोटोतली नंबर प्लेट कॉम्प्युटर वाचतो. ऐकायला हे सोपं वाटतं. पण चिखलाने माखलेली, वाकलेली, अर्धी पुसलेली प्लेट ओळखायची म्हणजे प्रोसेसरला मरणाचं काम पडतं. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरमधला सगळी आकडेमोड करणारा भाग. त्याला ठरलेल्या वेळात नंबर वाचता आला नाही, तर सॉफ्टवेअर हात वर करतं आणि ऑपरेटरला सांगतं, बाई, आता तूच टाइप कर. याला म्हणतात मॅन्युअल एन्ट्री.

आणि मॅन्युअल एन्ट्री म्हटली की हेड ऑफिसचे कान टवकारतात. कारण हाताने नंबर टाकायचा असला तर दुसऱ्याच गाडीचा टाकता येतो. एक गाडी दोनदा दाखवता येते, एखादी न दाखवताच सोडता येते. सुलभाच्या शिफ्टला मॅन्युअल एन्ट्र्यांचा नुसता पाऊस पडत होता. दुसऱ्या ऑपरेटरच्या शिफ्टला नावालाही नव्हत्या. शिफ्ट आठवड्याला बदलायची, कधी ती सकाळी, कधी दुपारी. घोटाळा मात्र तिच्याबरोबर फिरायचा. हेड ऑफिसने सरळ अर्थ काढला. ऑपरेटर बदला.

मॅनेजर होते पाटणकर. मुंबईहून आलेले, तरुण, माणूस वाईट नाही. वरून दाब आला की खाली ढकलायचा, एवढंच त्यांना शिकवलेलं. पण आदल्या दिवशी त्यांनी एक फार वाईट गोष्ट करून ठेवली होती. काटाघराच्या खिडकीशी उभं राहून, ड्रायव्हर ऐकत असताना, तिला विचारलं होतं की कुणाच्या गाड्या सोडतेस आणि त्याचं तुला काय मिळतं. ड्रायव्हर सगळे आजूबाजूच्या गावांतले. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट तिच्या गावात पोचली.

मी रोह्याचा, गावाला लागून असलेल्या अष्टमीत राहतो. एका केमिकल कंपनीत आयटी सांभाळण्यात सगळी नोकरी झाली, आता रिटायर झालोय. तरी लिनक्सची किरकोळ कामं घेतो. नाहीतर घरात बायकोला मी सहन होत नाही, असं ती स्वतःच सांगते. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच एक सिस्टिम, पण फुकट मिळते आणि महिनोन् महिने रीस्टार्ट न करता चालते. म्हणून असल्या ठिकाणी बसवतात. बिघडली की मात्र तिला हात लावायला कुणी धजत नाही. मग मला फोन येतो. पाटणकरांनी मला बोलावलं ते, खरं सांगायचं तर, शेवटचा सोपस्कार म्हणून. 'मशीन ओके आहे' असं एका बाहेरच्या माणसाने म्हटलं, की सुलभाला काढायला ते मोकळे.

काटाघर म्हणजे दहा बाय दहाची खोली. एक टेबल, एक स्क्रीन, आणि कोपऱ्यात लोखंडी कपाट. कॉम्प्युटर त्या कपाटात, पुस्तकाएवढा छोटा डबा. सुलभाने कपाट उघडून दिलं आणि मी माझं काम सुरू केलं. डिस्क बघितली, मेमरी बघितली, नेटवर्क बघितलं. कॅमेऱ्याची काच पुसली. 'सेन्सर्स' नावाची एक कमांड असते, ती प्रोसेसरचं तापमान दाखवते. एकसष्ट अंश. अगदी मजेत. मी तासभर बसलो आणि त्या तासात आलेल्या एकूण एक गाडीचा नंबर मशीनने पटापट वाचला.

माझ्या धंद्यात याच्याइतकं वैतागाचं काही नाही. डॉक्टरच्या दारात पाऊल टाकलं की दाढदुखी थांबते, तसलाच प्रकार. आणि मशीन जसजसं नीट चालत होतं, तसतसा त्या बाईचा चेहरा उतरत चालला होता. पाटणकर म्हणाले, बघा, म्हणजे मशीन चांगलं आहे. मी म्हटलं, चांगलं आहे असं मी म्हटलेलं नाही, मला अजून सापडलेलं नाही एवढंच. मला चार दिवस द्या. त्यांनी नाखुशीने दिले.

निघताना सुलभा बाहेरपर्यंत आली. तिच्याबद्दल मला तोवर एवढंच कळलं होतं की बारावी झाली, पेणला कॉम्प्युटरचा कोर्स केला, आणि या काट्यावर बसलेली ती पहिलीच बाई. वडिलांचा जन्म मिठागरावर गेला. ती म्हणाली, "सर, नोकरी गेली तर दुसरी बघीन. नाय मिळाली तर घरी बसेन. पन माझ्या बापानं कवा कुनाचं चिमूटभर मीठ उचललं नाय, आनि मी चोर म्हनून घरी जायचं व्हय?"

बघतो, म्हटलं. वडखळला येऊन चहा घेतला, तोही अर्धा टाकून निघालो. तिथून रोह्यापर्यंतचा तो हायवे मी नोकरीला लागलो तेव्हापासून 'होतोय', त्यालाही त्या दिवशी शिव्या घालायचं सुचलं नाही.

घरी बसून दुसऱ्या गावच्या लिनक्स मशीनवर काम करता येतं. नेट असलं म्हणजे झालं. मी अष्टमीत जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला आणि धरमतरच्या त्या डब्याचं तापमान बघत बसलो. बायको म्हणाली, क्रिकेटची मॅच असल्यासारखे काय आकडे बघताय. म्हटलं, मॅचच आहे.

दुसऱ्या ऑपरेटरच्या शिफ्टला आकडा साठच्या आसपास रेंगाळला. सुलभाची शिफ्ट सुरू झाली आणि तो चढायला लागला. सत्तर. ऐंशी. नव्वदच्या पुढे. शंभराला टेकला आणि तिथेच चिकटला. त्याच क्षणी प्रोसेसरचा वेग धाडकन खाली आला.

हे काय असतं ते सांगतो. प्रोसेसर जितका जोरात पळतो तितका तापतो. तापून जळू नये म्हणून कंपनीने त्याच्यातच सोय केलेली असते. शंभराच्या आसपास पोचला की तो कुणाला न विचारता स्वतःचा वेग कमी करतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. मशीन बंद पडत नाही, एरर देत नाही, तक्रार करत नाही. नुसतं रांगायला लागतं. आणि रांगणाऱ्या मशीनला ठरलेल्या वेळात नंबर प्लेट वाचता येत नाही. मॅन्युअल एन्ट्री, मॅन्युअल एन्ट्री, मॅन्युअल एन्ट्री.

म्हणजे रोग सापडला. पण पाटणकरांचा प्रश्न तसाच होता. मशीन तेच, खोली तीच, काम तेच. त्या बाईच्याच शिफ्टला ताप का चढतो? मी डोकं खाजवून थकलो. शेवटी ठरवलं, न कळवता जायचं.

दुपारी जाऊन उभा राहिलो तर ती कामात होती. रांग होतीच. मी कोपऱ्यात बघितलं. कपाट बंद. आणि दाराच्या फटीतून पिवळा उजेड बाहेर येत होता.

मी दार उघडलं. आतून भट्टीसारखी धग अंगावर आली. वरच्या फळीला वायर गुंडाळून एक बल्ब लोंबत होता, जुन्या पद्धतीचा, तारेचा. खाली तो बिचारा डबा शेकत पडलेला. मी कपाळाला हात लावला. हा कुणी लावला, म्हणून विचारलं. ती म्हणाली, मीच. आणि वर अभिमानाने म्हणाली, "एलईडी नाय चालत, सर. त्याला ऊब नसते. म्हनून घरचा आनला."

आमच्या इकडे हे घराघरांत आहे. पावसाळ्यात कपड्यांच्या कपाटात, कागदपत्रांच्या पेटीत, फोटोवाल्याच्या कॅमेऱ्याच्या खणात एक बल्ब जळत ठेवायचा, म्हणजे दमट हवेने बुरशी धरत नाही. खाडीकाठाला तर नुसता दमटपणा नाही, हवेतच मीठ. सुलभाने सांगितलं, या मशीनच्या आधीचं मशीन उघडं टेबलावर होतं. एका पावसाळ्यात त्याच्या पिना हिरव्या पडल्या आणि ते मेलं. नवीन आलं तेव्हा बसवणारा माणूस तिला म्हणाला, बाई, याला नीट जपा. तो सहज बोलून गेला, हिने ते मनावर घेतलं. शिफ्टला आली की पहिलं काम कपाट पुसायचं, दार लावायचं, बल्ब चालू करायचा. दुसरा ऑपरेटर काय करायचा? त्याला मोबाइल चार्ज करायला प्लग हवा म्हणून बल्ब काढायचा आणि आत त्याचा जेवणाचा डबा नि पिशवी असायची म्हणून कपाट सताड उघडं ठेवायचा. निष्काळजी माणसाचं मशीन धावत होतं आणि काळजी घेणारीचं मरत होतं. पावसाळ्यात बार्ज कमी, गाड्या कमी, म्हणून ते जाणवलं नाही. ऑक्टोबरचं ऊन पडलं, रांगा लागल्या आणि सगळं तिच्या अंगावर आलं.

आणि मी आलो त्या दिवशी तिने माझ्यासाठी कपाट उघडून दिलं होतं, बल्ब तर मी यायच्या आधीच काढून ठेवला होता. म्हणून दाढ दुखली नाही.

मी तिला सगळं समजावलं. आधी तिचा चेहरा उजळला. मग एकदम पडला. म्हणाली, "म्हंजे माझ्यामुळंच झालं."

मी म्हटलं, थांब जरा, अजून माझं काम संपलेलं नाही. पण पाटणकर काय म्हणतील ते मला आताच ऐकू येत होतं. चोरी नाही तर अडाणीपणा, पण काढायचं ते हिलाच. क्षणभर वाटलं, बल्बचा विषयच काढू नये. मशीन तापत होतं, दुरुस्त केलं, एवढंच सांगावं. मी तसं तिला बोललोही. ती म्हणाली, "नाय सर. बल्बचं सांगा. एकदा लपवलं की मंग ते बोलतात ते खरंच होईल."

मग मी पाटणकरांना काटाघरात बोलावलं आणि सांगितलं. ते माझ्या अंदाजाप्रमाणेच म्हणाले, "म्हणजे चूक तिचीच आहे ना?"

म्हटलं, बसा. वीस मिनिटं द्या, तुमच्यासमोरच करून दाखवतो.

आधी कपाट बंद, बल्ब चालू. मी मशीनला मुद्दाम भरपूर काम लावलं. शंभर, आणि वेग गडगडला. पाटणकरांनी मान डोलावली. मग मशीन गार होऊ दिलं, बल्ब काढला, कपाट पुन्हा बंद केलं आणि तेच काम परत दिलं. आकडा चढत चढत पंचाण्णवला गेला. पाटणकर म्हणाले, बल्ब नसतानाही? म्हटलं, नसतानाही. आता हे बघा.

लिनक्समध्ये प्रोसेसरने किती वेगात पळायचं, हे ठरवणारी एक सेटिंग असते. तिला गव्हर्नर म्हणतात. मशीन बसवणाऱ्याने तो 'परफॉर्मन्स'वर ठेवला होता. म्हणजे काट्यावर गाडी असो नसो, प्रोसेसर कायम टॉप स्पीडला. गाडी उभी असताना अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरावा तसं. त्यात टर्बो चालू. टर्बो म्हणजे थोडा वेळ नेहमीच्या मर्यादेपेक्षाही जास्त पळायची मुभा. गिऱ्हाइकाला दाखवायला नेतात तेव्हा यामुळे मशीन झकास दिसतं. बंद लोखंडी कपाटात, पश्चिमेचं ऊन खाणाऱ्या खोलीत, ते कधी ना कधी गुडघे टेकणारच होतं. मी फोन लावला तर तो बसवणारा म्हणाला, सर, परफॉर्मन्स मोड बेस्ट असतो. मी फोन ठेवला. अशा माणसाशी बोलून माझंच तापमान वाढतं.

मी टर्बो बंद केला. गव्हर्नर बदलून काम असेल तेव्हाच पळेल असा केला, आणि मशीन बंद पडून पुन्हा चालू झालं तरी तीच सेटिंग लागेल अशी सोय केली. डबा फळीवर जरा उचलून ठेवला, खालून हवा फिरायला. कपाट उन्हाच्या भिंतीपासून सरकवलं. पुन्हा दार बंद, पुन्हा तेच काम. सत्तरच्या खाली आकडा ठाण मांडून बसला.

पाटणकर म्हणाले, "पण तुम्ही तर मशीन स्लो केलंत."

"केलं. आता गाडी घ्या काट्यावर."

गाडी आली. नंबर वाचला. दुसरी आली, वाचला. शंभरावर जाऊन रांगण्यापेक्षा सत्तरवर राहून सारखं चालत राहणं बरं, एवढाच त्यातला हिशोब. मी पाटणकरांना म्हटलं, बल्ब चुकीचा होता हे खरं. पण कपाट तुमच्या कंपनीने दिलं, सेटिंग तुमच्या माणसाने केली, आणि 'जपा' एवढं सांगून कसं जपायचं ते कुणी सांगितलं नाही. या सगळ्यात त्या मशीनचं बरं चिंतणारी ही एकटी होती. तिला काढलंत तर जो येईल तो जेवणाचा डबा नि पिशवी ठेवेल कपाटात.

सुलभाने मलाच विचारलं की बल्ब नाही लावला तर पावसाळ्यात मशीन सडणार नाही का. प्रश्न बरोबर होता. मी सांगितलं, चालू मशीन स्वतःच गरम असतं, तेवढी ऊब त्याला पुरते. कपाट मात्र बंदच ठेव. त्यावर ती समाधानाने हसली. त्या दिवसांत पहिल्यांदाच हसली असावी.

पाटणकरांनी तिथेच मोबाइलवरून हेड ऑफिसला मेल केला. टेक्निकल फॉल्ट, ऑपरेटरचा दोष नाही. मला वाचून दाखवला. चांगला होता. ते म्हणाले, झालं, मिटलं.

मी म्हटलं, नाही मिटलं. बोललात ते या खिडकीशी, दहा जणांत. आणि परत घेताय ते मेलवर? यातला कोण ड्रायव्हर तुमचा मेल वाचतो?

पाटणकर लालबुंद झाले. मला वाटलं, माझं बिल गेलं. ते उठून बाहेर पडले. खिडकीतून मी बघत होतो. ते ऑफिसकडे वळले नाहीत. काट्यावर उभ्या असलेल्या डंपरच्या केबिनशी गेले, मागच्या दोन-तीन ड्रायव्हरांना हाताने बोलावलं आणि त्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणाले की मशीनमध्ये बिघाड होता, तो सापडला, आणि सुलभाताईंना मी जे बोललो ते चुकीचं बोललो. 'ताई' त्यांनी तेव्हा पहिल्यांदा लावलं. ड्रायव्हर पाटाच्या कडेला, जमिनीवर उभे होते. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

मी वळून सुलभाकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते, पण नजर स्क्रीनवर होती. तिने माइक ओढला. बाहेरच्या भोंग्यातून तिचा आवाज सगळ्या आवारात गेला.

"साहेब, काट्यावरनं खाली उतरा. तुमचं वजन गाडीत धरतंय."

मी स्क्रीन बघितली. आकडा मघापेक्षा ऐंशी किलोंनी जास्त. बाहेर ड्रायव्हर खो खो हसले. पाटणकर दचकून खाली बघायला लागले, मग तेही हसले आणि बाजूला झाले. आकडा स्थिर झाल्यावर तिने गाडी सोडली.

सुलभा अजून त्याच काट्यावर आहे. तेव्हापासून मी एक सवय लावून घेतलीय. मशीन स्लो झालं म्हणून कुणी बोलावलं की आधी तापमान बघतो. आणि अमुक माणूस बसला की स्लो होतं, असं कुणी सांगितलं, तर त्या माणसाशी दोन शब्द बोलल्याशिवाय मशीनला हात लावत नाही. बहुतेक वेळा त्या मशीनची काळजी घेणारा तोच एकटा असतो.